फिन्शगाउ: मोटारींविना आल्प्सचं एक खोरं

आल्प्समध्ये सायकली चालवायच्या असं ठरलं, तेव्हा ताईची अट होती की नऊ वर्षांच्या भाचीलाही खोऱ्यातला रस्ता स्वतःच्या सायकलवर करता आला पाहिजे. माझी अट होती स्टेल्व्हिओचा घाट. दोन्ही अटी एकाच जागी पुऱ्या होतील असं वाटलं नव्हतं, पण नकाशा उलगडून बसल्यावर फिन्शगाउचं खोरं सापडलं. इटलीच्या उत्तर टोकाला, दक्षिण टिरोल प्रांतात, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमांना चिकटून ते पसरलं आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. त्यामुळे घराघरांत आजही जर्मन बोलतात आणि गावांच्या पाट्या दोन भाषांत असतात. इटालियनमध्ये या खोऱ्याला व्हाल वेनोस्ता म्हणतात. साधारण १,५०० मीटर उंचीच्या रेशेन खिंडीपासून ३२५ मीटरवरच्या मेरान शहरापर्यंत, एच नदीच्या सोबतीने, सुमारे ८० किलोमीटरची सायकलवाट उतरत जाते. आणि उन्हाळा संपता संपता एका शनिवारी स्टेल्व्हिओचा घाट सकाळी आठ ते दुपारी चार मोटारींना पूर्ण बंद ठेवतात. तो शनिवार धरूनच आम्ही बेत आखला.

गुरुवार

म्युनिकहून सकाळी निघालेली रेल्वे ब्रेनर खिंड ओलांडून दुपारी बोझेनला पोचली. तिथे गाडी बदलली, मेरानला पुन्हा बदलली, आणि शेवटच्या छोट्या गाडीने आम्हाला माल्सला सोडलं. या शेवटच्या ६० किलोमीटरच्या लोहमार्गाबद्दल सांगायलाच हवं. १९०६ साली सुरू झालेला हा मार्ग तोट्याचा ठरवून १९९० मध्ये बंद केला होता. रूळ गंजत पडले होते. पुढे प्रांत सरकारने तो ताब्यात घेतला, दुरुस्त केला आणि २००५ मध्ये पुन्हा गाड्या सोडल्या. आता सायकलवाट आणि रेल्वे बहुतेक ठिकाणी हाकेच्या अंतरावरून जातात. पाय दमले, पाऊस आला, पोर कंटाळलं, तर पुढच्या स्टेशनात जाऊन गाडीत बसायचं. सायकली स्टेशनावरच भाड्याने मिळतात आणि दुसऱ्या स्टेशनावर परत देता येतात. खोऱ्यातल्या वाटेवर आजीआजोबा आणि लहान मुलं एवढ्या संख्येने का दिसतात, याचं निम्मं उत्तर या रेल्वेत आहे असं माझं मत आहे.

मुक्कामाला माल्सहून ग्लुर्न्सला गेलो. हजारभरसुद्धा वस्ती नसलेलं हे गाव चारी बाजूंनी तटबंदीत आहे आणि आत शिरायला तीन वेशी आहेत. १४९९ मध्ये जवळच काल्व्हेनला झालेल्या लढाईनंतर गाव पुरतं उद्ध्वस्त झालं, मग पुढच्या शतकात हा तट बांधला. वेशीतून सायकली हातात धरून आत आलो आणि जेवून लवकर झोपलो.

शुक्रवार

सकाळी सायकली ट्रेलरवर चढवून बसने वर रेशेनला. सरोवराच्या काठावर वारा चांगलाच गार होता, स्वेटर घालूनच सायकलवर बसलो.

या सरोवराच्या पाण्यातून एक मनोरा वर येतो. चौदाव्या शतकातल्या चर्चचा घंटामनोरा आहे तो. वीजनिर्मितीसाठी धरण बांधून १९५० साली इथलं पाणी चढवलं, आणि ग्राउन हे जुनं गाव व रेशेनचा काही भाग त्याखाली गेला. १६३ घरं आणि ५२३ हेक्टर शेतजमीन बुडाली. मनोरा तेवढा ठेवला. काठावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. मला मात्र उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ डोळ्यांसमोर आलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडणारं. पाण्याखाली गेलेल्या गावच्या माणसांना त्या फोटोत कुठे जागा असते, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. भावोजींनी भाचीला माहितीफलकावरचे जुन्या गावाचे फोटो एकेक करून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "शाळा पण बुडाली?"

ग्राउनहून मागे येऊन पश्चिम काठाची वाट धरली. मोटारींचा रस्ता पलीकडच्या काठावर राहिला. इकडे फक्त झाडी, पाणी आणि सायकलवाले.

मी पुण्यात सायकल चालवते. ताम्हिणीला किंवा वरंध्याला जाताना डोळे समोर असतात, पण कान सतत मागे. टेम्पो आहे की एसटी, किती वेगात येतोय, ओव्हरटेक करणार की मागेच राहणार, हे सगळं कानच ठरवतात आणि खांदे आपोआप वर चढतात. ही सवय इतकी अंगात मुरली आहे की ती सवय आहे हेच लक्षात येत नाही. पश्चिम काठावर काही किलोमीटर गेल्यावर माझे खांदे खाली आले. पाण्याचा आवाज, ताईच्या सायकलची खालच्या गिअरवर होणारी कुरकुर, पुढे भाचीचं गुणगुणणं, सगळं वेगवेगळं ऐकू यायला लागलं. आम्ही दोघी शेजारी शेजारी चालवत गप्पा मारू लागलो. सायकलवर गप्पा मारणं ही माझ्यासाठी खरोखर नवी गोष्ट होती.

सांक्ट व्हालेंटिन गाव आणि त्यापुढचं छोटं सरोवर मागे पडलं की वाट एकदम खाली झेपावते. हा सारा उतार म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या गाळ-गोट्यांचा एक अवाढव्य पंखा आहे, माल्सर हाइडे त्याचं नाव, आणि आल्प्समधल्या अशा सर्वांत मोठ्या पंख्यांत त्याची गणना होते. कुरणं आणि मधूनच एखादं लाकडी कोठार, त्यातून वळणं घेत वाट उतरते. समोर ३,९०५ मीटरचा ऑर्टलर बर्फाची टोपी घालून उभा. डावी-उजवीकडे बघण्याचा मोह आवरून ब्रेककडे लक्ष द्यावं लागतं. भाचीला आम्ही दर काही वळणांनंतर थांबवत होतो. "मावशी, बोटं दुखली," म्हणत ती हात झटकायची, पाणी प्यायची आणि पुन्हा निघायची. मोटार मागून येणार नाही हे माहीत असल्यामुळे तिला कुणी "कडेला घे, कडेला घे" म्हणत नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीने एवढा उतार आपल्या अक्कलहुशारीने उतरलेला पाहून ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बुर्गाइसच्या वर, डोंगराच्या कडेला, मारियनबेर्गचा पांढराशुभ्र मठ दिसतो. १,३४० मीटरवरचा हा बेनेडिक्टाइन मठ त्या पंथाचा युरोपातला सर्वांत उंचावरचा मानतात. आम्ही वर गेलो नाही, शनिवारसाठी पाय राखून ठेवायचे होते. पण ग्लुर्न्सजवळच्या लाआट्शकडे (खोऱ्यात पुढे लागणारं लाट्श वेगळं) वाट थोडी वाकडी केली, कारण तिथल्या सांक्ट लेओनहार्ड चर्चच्या पोटातून गावचा रस्ता जातो. वर देऊळ, खाली कमान, कमानीतून सायकल. भाचीने तीनदा ये-जा केली.

शनिवार

सहाला उठून ओट्स, केळी आणि ताईने म्युनिकहून आणलेले शेंगदाण्याचे लाडू. भावोजी आणि भाची खोऱ्यातच थांबून श्लुडर्न्सचा किल्ला आणि तिथली जुनी चिलखतं बघणार होते. आम्ही दोघी आठच्या आत प्राडला पोचलो. गावाबाहेर रस्त्यावर आडवे कठडे लागले होते. नावनोंदणी नाही, पैसे नाहीत, छातीवर नंबर नाही. कठड्याच्या फटीतून आत शिरायचं आणि चढायला लागायचं.

प्राडपासून खिंडीपर्यंत सुमारे २५ किलोमीटर आणि १,८०० मीटरहून जास्त चढ आहे. सरासरी साडेसात टक्के. ४८ वळणं, प्रत्येकावर आकडा लिहिलेला दगड, आणि आकडे वर जाताना उतरत येतात. १८१५ मध्ये लोम्बार्दी ऑस्ट्रियाच्या हाती आल्यावर तिथे सैन्य आणि टपाल पोचवायला घाटरस्ता हवा होता. अभियंता कार्लो दोनेगानीने तो १८२० ते १८२५ या पाच वर्षांत बांधला. बैलगाड्या आणि घोडागाड्यांचा विचार करून आखल्यामुळे चढ कुठेही अंगावर येत नाही, पण कुठे सोडतही नाही. सायकलवाल्यांना हा रस्ता एवढा प्रिय का, त्याचं कारण या आखणीत आहे.

सुरुवातीला वळणं जवळजवळ नाहीत. ओढ्याच्या कडेने, दरीच्या सावलीतून रस्ता गोमागोइकडे चढतो. इतर कुठल्याही उन्हाळी शनिवारी इथे मोटरसायकलींच्या रांगा असतात, त्यांचा आवाज दरीत घुमतो आणि गरम ब्रेकचा वास हवेत भरून असतो. आज ओढा ऐकू येत होता. आमच्या आजूबाजूला शेकडो माणसं होती आणि तरी ओढा ऐकू येत होता! साखळ्यांची सळसळ, श्वास, कुणाची तरी शिट्टी, बस.

आणि माणसं तरी किती तऱ्हेची! कार्बनच्या हलक्या सायकलींवरचे तरणेबांड होते, ते सुसाट पुढे गेले. सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं, दोघांच्या सायकलींवर पुढे टोपल्या, एकाच लयीत चढत होतं. एक बाप मुलाच्या सायकलला ताणणारी दोरी बांधून त्याला ओढत होता. एक जण हाताने चालवायच्या तीनचाकीवर जमिनीलगत आडवा होऊन, दोन्ही हातांनी पॅडल फिरवत येत होता. त्याच्यासमोरून जाताना प्रत्येक जण काहीतरी बोलत होता, आणि तो दम न सोडता हसून उत्तर देत होता. एरवी या रस्त्यावर तो येऊच शकला नसता. घाट बंद ठेवण्याचं दुसरं कुठलं कारण नसतं, तरी हे एवढं पुरेसं आहे असं मला त्या क्षणी वाटलं आणि आजही वाटतं.

त्राफोइला (१,५४३ मीटर) पाणी भरून घेतलं. सत्तरच्या दशकातला नामांकित स्कीपटू गुस्ताव थ्योनी याच गावचा. इथून पुढे जंगलात वळणांचा सपाटा सुरू होतो. मी सर्वांत हलक्या गिअरवर होते, पुढे ३४ दाती चकती, मागे तेवढीच. पाय फिरत राहिले पाहिजेत, बाकी काही नको. वळणाच्या बाहेरच्या अंगाला चढ कमी असतो, आणि मोटारी नसल्यामुळे प्रत्येक वळण बाहेरून घेता येत होतं. घाटात सायकल चालवणाऱ्याला या चैनीचं मोल कळेल. तेवढ्या दहा-बारा फेऱ्यांत पाय विसावा घेतात.

झाडं विरळ झाली आणि फ्रांत्सेन्सहोहे आलं, २,१८८ मीटर. इथे मान वर केली की उरलेली वळणं एकावर एक रचलेली भिंतीसारखी समोर उभी राहतात. त्यांच्यावरून मुंग्यांएवढ्या रंगीत जर्सी हळूहळू सरकताना दिसल्या. ताई म्हणाली, "वर बघू नकोस, आकडे मोजत चल." आम्ही कठड्यावर बसून ब्रेड-चीज खाल्लं. तेवढ्यात वरच्या गवतातून एक तीक्ष्ण शीळ आली, मग दुसरी. मार्मोट! सशापेक्षा थोराड, तपकिरी, बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभं. हे स्टेल्व्हिओ राष्ट्रीय उद्यानाचंच क्षेत्र आहे. कठड्यावरचे आम्ही सगळे अनोळखी लोक एकमेकांना बोटाने दाखवत ते प्राणी बघत राहिलो.

शेवटचा टप्पा सोसावाच लागतो. हवा विरळ होते, वारा बोचतो, आणि दहाच्या खालचे आकडे काही केल्या सरत नाहीत. दहा वाजून गेल्यावर वरून उतरणारेही वाढले होते. मोटारी नसल्या तरी रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असतो हे विसरता कामा नये. वेगात उतरणारा सायकलवाला वळणावर अंगावर येऊ शकतो. आता चढताना उजवी कड सोडायची नाही.

खिंड २,७५७ मीटरवर आहे. वर हॉटेलं, सॉसेजच्या गाड्या, टीशर्टांची दुकानं, पक्की जत्रा. तिथे इटालियन सायकलपटू फाउस्तो कोप्पीचं स्मारक आहे. १९५३ च्या जिरो द'इतालिया या इटलीतल्या मोठ्या सायकलशर्यतीत हा घाट पहिल्यांदा आला तेव्हा, ह्युगो कोब्लेटला मागे टाकत कोप्पीने इथेच ती शर्यत आपलीशी केली. आजही जिरोतल्या त्या वर्षीच्या सर्वांत उंच माथ्याला 'चिमा कोप्पी' म्हणतात. ताई स्मारकाशेजारी सायकल उभी करून बराच वेळ टेकून राहिली. आम्ही दोघींनी एकमेकींना घट्ट मिठी मारली, डोळे भरून आले होते.

बाजूला २,८४३ मीटरचं एक छोटं शिखर आहे, तिथे जर्मन, इटालियन आणि रोमान्श या तीन भाषांचे प्रदेश एकत्र येतात. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया आणि इटलीच्या फौजा याच डोंगरमाथ्यांवर, हिमनद्यांवर, समोरासमोर होत्या.

आल्या वाटेने उतरण्याऐवजी आम्ही स्वित्झर्लंडकडून फेरा मारला. बोर्मिओच्या बाजूला थोडं उतरलं की उम्ब्राइल खिंडीचा फाटा लागतो. तो रस्ताही त्या दिवशी बंद असतो. विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि खिशात पासपोर्ट, या तीन गोष्टी हव्यातच. या रस्त्याचा शेवटचा कच्चा तुकडा २०१५ मध्ये डांबरी झाला. स्टेल्व्हिओपेक्षा इथे गर्दी पुष्कळ कमी, लार्चच्या झाडीतून उतार, आणि मला विचाराल तर दिवसभरातला सर्वांत सुंदर तास तोच होता.

सांता मारिया गावात कठडे संपले. पहिली मोटार बाजूने गेली, आणि खांदे पुन्हा वर चढले ते मला स्पष्ट जाणवलं. म्युस्टाइरच्या मठात थोडा वेळ थांबलो. इसवी सन ८०० च्या सुमाराची भित्तिचित्रं तिथल्या भिंतींवर अजून आहेत, आणि १९८३ पासून तो जागतिक वारसा आहे. पॅडलला अडकणारे क्लीटचे बूट बाहेर काढून मोज्यांवर आत गेलो. मग सीमा ओलांडून ग्लुर्न्स. भाचीने वेशीतच गाठलं आणि चिलखतांच्या गोष्टी सुरू केल्या.

रविवार

उशिरा उठलो. मोजकंच अंतर ठेवलं होतं, लासमार्गे लाट्शपर्यंत.

इथून खाली वाट सफरचंदांच्या बागांतून जाते. तारांवर ताणलेल्या बुटक्या झाडांच्या रांगा, हात लांबवला तर फळाला लागेल इतक्या जवळ. वाट निरखून पाहिली तर तिचा बराच भाग खास सायकलींसाठी बांधलेला नाही. बागांमध्ये जायचे शेतरस्ते आणि नदीचे बांध आहेत, ते पूल आणि बोगदे घालून एकमेकांना जोडले आहेत. ट्रॅक्टर येतो, आपण कडेला होतो, तो हात करतो. आपल्याकडे कालव्यांच्या कडेने असे किती तरी रस्ते पडून आहेत. ते जोडायला फार मोठा खर्च लागणार नाही, जोडायची इच्छा लागेल, आणि मला ती इच्छा आपल्याकडे बघायची आहे.

मोटारी नाहीत म्हणून सगळं निर्मळ आहे, असं मात्र नाही. या बागांवर औषधफवारणी भरपूर होते आणि ती वाऱ्याने सर्वदूर जाते. माल्सच्या लोकांनी २०१४ मध्ये मतदान घेऊन गावाच्या हद्दीत रासायनिक कीटकनाशकं नकोत असा कौल दिला. त्यावर पुढे बराच कोर्टकज्जा झाला. फवारणी चालू दिसली तर मुलांना घेऊन लांबूनच थांबावं.

फिन्शगाउ आल्प्समधल्या सर्वांत कोरड्या खोऱ्यांपैकी आहे. उन्हाचा डोंगर एका बाजूला, करडा, गवताळ. सावलीचा दुसऱ्या बाजूला, दाट हिरवा. त्यामुळे इथे पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातून पाण्याचे पाट काढून शेतीला पाणी दिलं. त्यांना वाल म्हणतात. पाटावर राखणदार असायचा, आणि पाण्याच्या धारेवर फिरणारं एक छोटं चाक लाकडी हातोडीने घंटा वाजवत राहायचं. घंटा चालू म्हणजे पाणी चालू. आवाज थांबला की राखणदार वर धावायचा, कारण कुठेतरी पाट फुटला किंवा तुंबला. गोंगाट नसलेल्या खोऱ्यातच चालू शकेल अशी ही युक्ती.

लास हे संगमरवराचं गाव. इथले पदपथसुद्धा पांढऱ्या संगमरवराचे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांच्या दफनभूमींतल्या हजारो क्रुसांचा दगड इथल्याच खाणींतून गेला.

सोमवार

लाट्शहून निघाल्यावर श्नाल्स खोऱ्याच्या तोंडाशी युवाल किल्ला दिसतो, गिर्यारोहक राइनहोल्ड मेस्नरचा. त्याच खोऱ्याच्या माथ्यावर, ३,२१० मीटर उंचीवर, १९९१ मध्ये सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा बर्फात टिकलेला देह सापडला. तो आता बोझेनच्या संग्रहालयात आहे. नाटुर्न्सला सांक्ट प्रोकुलुसच्या छोट्याशा चर्चमधली भित्तिचित्रं पाहिली. दोरावर बसलेल्या एका संताचं चित्र आहे, ते भाचीला झोक्यावर बसल्यासारखंच वाटलं.

राब्लांडला रोमन मैलाचा दगड सापडला होता, सम्राट क्लॉडिअसच्या काळचा, इसवी सन ४६ चा. आपण ज्या वाटेने आलो तिच्या आसपासनंच रोमनांचा रस्ता आल्प्स ओलांडून जायचा. टोल गावापाशी वाट पुन्हा एकदा वळणं घेत उतरते, खाली मेरानचा सारा परिसर पसरलेला. भाचीने हा उतार सर्वांच्या पुढे राहून केला, आणि प्रत्येक वळणावर मागे वळून आम्हाला मोजून घेतलं.

दुपारी मेरान स्टेशनात तिची आणि भावोजींची सायकल परत केली. आमच्यामागून जाणाऱ्यांसाठी एवढंच: स्टेल्व्हिओचा शनिवार दर वर्षी बदलतो, तारीख उद्यान आधीच जाहीर करतं, मुक्कामाच्या खोल्या लगेच भरतात. म्युनिकच्या रेल्वेत सायकलचं आरक्षण वेगळं करावं लागतं. मुलं बरोबर असतील तर वरून खाली या, तीन दिवस हाताशी ठेवा, आणि रेशेन ते बुर्गाइस या पट्ट्याआधी त्यांचे ब्रेक दुकानात दाखवून घ्या.